शेवटच्या क्रमांकाचा हक्क

अमेरिकेतल्या महिला कॉलेज गोल्फचा इतिहास सहसा १९४१ पासून सांगितला जातो. त्या वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठातल्या महिला शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख ग्लॅडिस पामर यांनी कोलंबस येथे कॉलेजमधल्या मुलींसाठी गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि अलाबामा विद्यापीठाच्या एलिनॉर डडलीने ती जिंकली. तारीख खरी आहे आणि पामर यांचे धाडसही खरे आहे. पण तिथूनच मोजायला बसले की एक विचित्र पेच नजरेतून निसटतो. देशाला महिला कॉलेज गोल्फची विजेती १९४१ मध्येच मिळाली. विद्यापीठाने मुलींचा संघ बांधावा, त्याला प्रशिक्षक आणि प्रवासखर्च द्यावा आणि दरवर्षी ठरल्या वेळी शेजारच्या विद्यापीठांशी खेळायला पाठवावे, ही त्याहून कितीतरी साधी गोष्ट मात्र सर्वत्र रूढ व्हायला पुढची चार दशके गेली. इथे कळस आधी चढला आणि पाया मागाहून भरला गेला. म्हणून या खेळाचे खरे वळण राष्ट्रीय स्पर्धेत न शोधता, ज्याकडे फारसे कुणी पाहत नाही अशा कॉन्फरन्सच्या अजिंक्यपद स्पर्धेत शोधावे, असे मला वाटते.

१९४१ च्या स्पर्धेला सर्वांत कडवा विरोध झाला तो महिला शिक्षणतज्ज्ञांकडूनच. १९२३ मध्ये लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने नॅशनल अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक फेडरेशनचा महिला विभाग स्थापन झाला होता. त्याची भूमिका अशी की खेळ प्रत्येक मुलीसाठी असावा. मूठभर तरबेज मुलींना घडवून त्यांच्या सामन्यांची तिकिटे विकणे, त्यांना गावोगाव फिरवणे, हा पुरुषांच्या कॉलेज खेळांतला बाजार मुलींच्या वाट्याला येऊ नये. म्हणून कॉलेजांमध्ये ‘प्ले डे’ भरत. अनेक कॉलेजांच्या मुली एकत्र येत, त्यांची सरमिसळ करून संघ पाडले जात, आणि कोणते कॉलेज जिंकले हा प्रश्नच उरत नसे. या विचाराला मागासलेला म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पुरुषांच्या फुटबॉलने विद्यापीठांचे काय केले हे या शिक्षिकांनी डोळ्यांनी पाहिले होते. राष्ट्रीय स्पर्धा ही केवळ निवडक मुलींची सोय आहे हा त्यांचा आक्षेपही, पुढचा अनुभव पाहता, निम्मा तरी खरा ठरला. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र चुकला. स्पर्धाच नको म्हटल्यावर विद्यापीठांनाही खर्च नको म्हणायला आयते कारण मिळाले.

तरीही राष्ट्रीय स्पर्धा गोल्फचीच सुरू होऊ शकली, यामागे सामाजिक कारणे होती. गोल्फमध्ये धक्काबुक्की नाही, पोशाख पुरेसा सभ्य, आणि खेळाडू एकटीच आपल्या चेंडूमागे चालते. त्यामुळे ‘बायकी शालीनते’ला या खेळाने बाध येत नाही, असे त्या काळी मानले जाई. त्यातच मुलगी कॉलेजात येण्यापूर्वीच कुठल्यातरी कंट्री क्लबवर खेळ शिकलेली असे. तिला शिकवण्याचा खर्च विद्यापीठाला करावा लागत नसे. तो बापाच्या क्लब-सभासदत्वातून आधीच झालेला असे. या सवलतीची दुसरी बाजू उघड आहे. ज्या घरांना क्लब परवडत नव्हता, आणि ज्यांना कातडीच्या रंगामुळे क्लबच्या फाटकातच अडवले जाई, त्या घरांतल्या मुलींसाठी ही राष्ट्रीय स्पर्धा नावापुरतीच राष्ट्रीय होती. विद्यापीठ जोवर स्वतः मैदान, प्रशिक्षण आणि खर्चाची जबाबदारी घेत नव्हते, तोवर हे दार उघडण्याचा दुसरा मार्गही नव्हता.

महायुद्धात खंड पडलेली स्पर्धा १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतरच्या विजेत्यांची नावे पाहिली की हा पेच आणखी ठळक होतो. १९४७ ची विजेती शर्ली स्पॉर्क ही मिशिगनमधल्या एका शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजची विद्यार्थिनी, तर १९४९ ची मॅरिलिन स्मिथ कॅन्सस विद्यापीठाची. या दोघीही १९५० मध्ये स्थापन झालेल्या महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या, म्हणजे एलपीजीएच्या, तेरा संस्थापिकांपैकी. स्मिथ यांच्या बाबतीतला एक प्रसंग अमेरिकी गोल्फमध्ये अजून सांगितला जातो. मुलीला राष्ट्रीय स्पर्धेला पाठवण्यासाठी विद्यापीठाने खर्च द्यावा म्हणून तिचे वडील फॉग अ‍ॅलन या बास्केटबॉलच्या नामांकित प्रशिक्षकांकडे गेले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले ते अशा अर्थाचे की तुमची मुलगी मुलगा नाही, हे दुर्दैव. मुलगी विद्यापीठाच्या नावाने खेळली आणि जिंकली, पण विद्यापीठाच्या हिशेबवहीत तिची नोंद नव्हती. ही स्पर्धा वर्षानुवर्षे वैयक्तिकच राहिली. तिच्यात संघाचे विजेतेपद आले ते थेट १९७० मध्ये. ती चालू राहावी म्हणून १९५०च्या दशकाच्या मध्यास महिला शारीरिक शिक्षणाच्या तीन संघटनांना मिळून एक समिती नेमावी लागली. त्या समितीतूनच पुढे महिलांच्या आंतरकॉलेज खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहत गेली, हे गोल्फचे मोठे योगदान. तरी तोवर सारा डोलारा काही शिक्षिकांच्या चिकाटीवर आणि पालकांच्या खिशावर तोललेला होता.

आता कॉन्फरन्स म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत आठ-दहा किंवा त्याहून अधिक विद्यापीठे खेळांसाठी कायमची एकत्र येतात. नियम, वेळापत्रक, पंच, महसूल यांचे निर्णय मिळून घेतात, आणि अंतिम अधिकार विद्यापीठांच्या प्रमुखांकडे असतो. गोल्फची कॉन्फरन्स स्पर्धा वसंतात, सत्राच्या शेवटी होते. प्रत्येक विद्यापीठाच्या पाच खेळाडू उतरतात, प्रत्येक फेरीत त्यांतल्या उत्तम चौघींचे फटके संघाच्या खात्यात धरले जातात, आणि अठरा होलच्या तीन फेऱ्यांची बेरीज होते. हल्ली काही कॉन्फरन्समध्ये आघाडीच्या संघांत शेवटी समोरासमोरचे सामने होतात. विजेत्या संघाला एनसीएएच्या, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेच्या, विभागीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. वरवर पाहता ही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी वाटते. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवावी लागते. कॉन्फरन्समध्ये ती सदस्य असल्यामुळेच मिळते. तिथे खेळ असलेले प्रत्येक विद्यापीठ येते, दरवर्षी शेवटचा येणारा संघही. म्हणून कॉन्फरन्सने एखाद्या खेळाचे अजिंक्यपद जाहीर केले की विद्यापीठावर वेगळाच दबाव येतो. पाच मुली तयार ठेवायच्या, एखादी आजारी पडली तर सहावी-सातवी हवी, त्यांना सराव हवा, सराव घ्यायला पगारी माणूस हवा. एक गुणी मुलगी असली की राष्ट्रीय विजेती घडू शकते. कॉन्फरन्समध्ये टिकायचे तर पथक लागते.

हा फरक बिग टेन या मध्य-पश्चिमेकडच्या जुन्या कॉन्फरन्समध्ये स्पष्ट दिसतो. पुरुषांची राष्ट्रीय कॉलेज गोल्फ स्पर्धा १८९७ मध्ये सुरू झाली आणि बिग टेनमध्ये पुरुष गोल्फची कॉन्फरन्स स्पर्धा १९२० पासून भरते. ग्लॅडिस पामर यांचे ओहायो स्टेट हे याच कॉन्फरन्सचे सदस्य. म्हणजे ज्या विद्यापीठाने १९४१ मध्ये देशातल्या मुलींना बोलावले, तिथल्या मुलग्यांना कॉन्फरन्स अजिंक्यपदाची दोन दशकांची परंपरा आधीच होती. बिग टेनने महिलांचे खेळ अधिकृतपणे आपल्या कक्षेत घेतले ते १९८१-८२ च्या मोसमात. पामर यांनी देशाचे दार उघडले, पण त्यांच्याच विद्यापीठाच्या शेजाऱ्यांना आपल्या अंगणात मुलींचा संघ बोलवायला आणखी चाळीस वर्षे लागली.

मधल्या काळातले टप्पे परिचित आहेत. १९७१ मध्ये एआयएडब्ल्यू ही महिलांच्या आंतरकॉलेज खेळांची संघटना महिला शिक्षणतज्ज्ञांनी स्थापली. २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करायला मनाई झाली. टल्सा विद्यापीठाच्या नॅन्सी लोपेझने १९७६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले ते एआयएडब्ल्यूच्या छत्राखाली. १९८१ मध्ये एनसीएएने महिलांच्याही प्रथम श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायचे ठरवले. १९८२ मध्ये स्टॅनफर्ड येथे तिची पहिली महिला गोल्फ स्पर्धा झाली, टल्साने ती जिंकली, आणि त्याच वर्षी एआयएडब्ल्यू बंद पडली. पुढच्या वर्षांत एकेक कॉन्फरन्स महिला गोल्फ मांडू लागली. अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीची महिला स्पर्धा १९८४ मध्ये सुरू झाली, आणि पश्चिमेकडच्या पॅसिफिक-१० ने महिलांचे खेळ १९८६-८७ पासून घेतले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारे श्रेय टायटल नाइनचे आहे. कॉन्फरन्सनी केवळ कायद्यापुढे मान तुकवली. कायद्याविना हे घडले नसते, हे मान्य करायलाच हवे. पण १९८४ ते १९८८ ही वर्षे पाहा. १९८४ मध्ये ‘ग्रोव्ह सिटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ संकुचित केला: सरकारी पैसा ज्या विशिष्ट कार्यक्रमाला मिळतो तेवढ्यालाच तो लागू. क्रीडा विभागांना असा पैसा क्वचितच थेट मिळे, त्यामुळे खेळांपुरता कायदा जवळजवळ दात काढल्यासारखा झाला. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा केला, तेव्हा कुठे तो पूर्ववत झाला. कॉन्फरन्स जर केवळ धाकानेच चालत असत्या, तर या चार वर्षांत त्यांनी महिलांच्या स्पर्धांमधून अंग काढून घ्यायला हवे होते. उलट एसीसीची महिला गोल्फ स्पर्धा याच काळात सुरू झाली आणि पॅसिफिक-१० ने महिलांसाठी आपले दारही याच काळात उघडले. कायद्याने दार ढकलले. ते मिटू न देणारी खीळ कॉन्फरन्सच्या वेळापत्रकाने पुरवली. सामन्यांच्या तारखा ठरलेल्या, प्रशिक्षक नेमलेले, शिष्यवृत्त्या जाहीर झालेल्या, आणि शेजाऱ्याचा संघ येणारच आहे. अशा वेळी एकट्या विद्यापीठाने संघ मोडणे म्हणजे चारचौघांत नाचक्की.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. एआयएडब्ल्यूमध्ये महिलांचे खेळ महिला चालवत होत्या. एनसीएए आणि कॉन्फरन्स पुरुषांच्या हातात होत्या. मुलींना स्पर्धा मिळाली, बायकांची सत्ता गेली. लिंडा कार्पेंटर आणि व्हिव्हियन अकोस्टा यांनी अनेक वर्षे केलेल्या पाहणीनुसार १९७२ मध्ये महिला संघांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक महिला होत्या. १९७८ पर्यंत हे प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांवर आले आणि पुढे निम्म्याखाली गेले. हा तोटा खरा आहे. पण तोट्याचा काळ नीट पाहिला तर सर्वांत मोठी घसरण कॉन्फरन्सनी महिलांचे खेळ घेण्याआधीच झाली होती. मुलींच्या संघांना पगारी पदे आली तेव्हाच पुरुष उमेदवारही आले. तेव्हा दोष जातो तो नेमणुका करणाऱ्यांकडे. आधीच्या व्यवस्थेत सत्ता बायकांची होती, पण तिजोरी रिकामी होती, हेही विसरता येत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. कॉन्फरन्स चालतात फुटबॉलच्या दूरदर्शन करारांवर. पुरुष फुटबॉलच्या ८५ शिष्यवृत्त्यांचा तोल सावरायला महिला गोल्फसारखे खेळ उपयोगी पडले, म्हणूनच एनसीएएच्या जुन्या मर्यादेत पुरुष गोल्फला ४.५ आणि महिला गोल्फला ६ शिष्यवृत्त्या होत्या, असे म्हणतात. २०२४ मध्ये तर याच करारांपायी पश्चिमेकडची जुनी कॉन्फरन्स जवळजवळ विखुरली आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड चक्क अटलांटिकच्या नावाने चालणाऱ्या एसीसीत गेले. मग शेजारधर्म उरला कुठे? आक्षेप रास्त आहे. पण तो कॉन्फरन्सचे महत्त्व कमी करत नाही, उलट सिद्ध करतो. गोल्फच्या संघाचे हित कुणी विचारात न घेताही त्या संघाला नव्या कॉन्फरन्समध्ये जागा, वेळापत्रक आणि अजिंक्यपद स्पर्धा आपोआप मिळाली. हेतू काहीही असो, संस्थेने एकदा स्वीकारलेली सवय हेतूपेक्षा चिवट ठरते. मात्र हजारो किलोमीटरचा प्रवास परवडेनासा झाला तर पहिली कुऱ्हाड छोट्या खेळांवर पडेल, ही भीतीही याच युक्तिवादातून निघते आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी.

या सगळ्याचा निष्कर्ष गोल्फच्या पलीकडे जातो. एखाद्या खेळात स्त्रियांना स्थान मिळाले की नाही हे आपण बहुधा शिखरावरच्या नावांवरून ठरवतो: पहिली विजेती कोण, पहिले पदक कधी. एलिनॉर डडली, शर्ली स्पॉर्क, मॅरिलिन स्मिथ यांची नावे सांगतात की असामान्य स्त्री व्यवस्थेला डावलूनही पुढे येऊ शकते. व्यवस्था बदलली की नाही, ते त्या नावांवरून कळत नाही. ते कळायला कॉन्फरन्सच्या निकालपत्राचा तळ पाहावा लागतो. तिथे शेवटून पहिल्या आलेल्या संघाची पाचवी खेळाडू असते. तिचे फटके अनेकदा हिशेबातही धरले जात नाहीत; तरीही तिच्या प्रवासाचे, प्रशिक्षकाचे आणि शिक्षणाचे पैसे कुणीतरी भरलेले असतात आणि पुढच्या वर्षीही तिची जागा रिकामी राहणार नसते. १९२३ च्या शिक्षिकांना सामान्य मुलीसाठी खेळ हवा होता. तो त्यांना सर्वांत नकोशा वाटणाऱ्या स्पर्धेच्याच मार्गाने, निदान काही अंशी, मिळाला. आणि तो टिकवायचा असेल तर विजेतीच्या सत्काराआधी या पाचव्या जागेच्या तरतुदीकडे लक्ष द्यावे लागेल.