पदवीधर खेळाडू कोणाचा?

विद्यार्थ्याचे आणि त्याच्या विद्यालयाचे नाते पदवीदानाच्या दिवशी संपते काय? अभ्यासापुरता हा प्रश्न कोणास पडत नाही. मुंबईस बी.ए. झालेला तरुण पुण्यास एम.ए.साठी जातो, तेथून संशोधनासाठी दिल्ली गाठतो, आणि त्याच्या पहिल्या महाविद्यालयातील गुरुजन त्याच्या या प्रवासाचे कौतुकच करतात. पण तोच तरुण नाणावलेला फुटबॉलपटू असेल आणि पदवी हाती पडताच प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या संघातून मैदानात उतरला, तर कालपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन नाचणारे सोबती आज त्याला कृतघ्न म्हणतात. विद्या दिलेल्याचा हक्क पदवीबरोबर फिटतो आणि खेळ शिकविल्याचा मात्र फिटत नाही, असा हा विलक्षण न्याय आहे. या न्यायाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्यासाठी प्रथम दिल्लीकडे पाहावे. फुटबॉलच्या इतिहासात दिल्लीचे स्थान यजमानाचे आहे. १८८८ साली सिमल्यास सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा १९४० साली दिल्लीस आली आणि त्याच वर्षी आयर्विन ॲम्फिथिएटरमध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघाने रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. तोपर्यंत लष्करी संघांचीच मिरास असलेला तो चषक प्रथमच एका हिंदी नागरी संघाच्या हाती गेला. पुढे १९५१ साली पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने याच नगरीत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. परंतु हे सारे पराक्रम बाहेरून आलेल्या संघांचे व राष्ट्रीय संघाचे होते. दिल्लीचे स्वतःचे फुटबॉल वाढले ते मोहल्ल्यांतील क्लबांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत.

दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले १९२२ साली. त्या वेळी त्याच्या छत्राखाली तीनच महाविद्यालये होती: १८८१ चे सेंट स्टीफन्स, १८९९ चे हिंदू आणि १९१७ चे रामजस. सर मॉरिस ग्वायर यांच्या कुलगुरुपदाच्या काळात या विद्यापीठास आजचे रूप येऊ लागले. १९४१ साली सेंट स्टीफन्स आणि १९५३ साली हिंदू महाविद्यालय जुन्या शहरातून उठून विद्यापीठाच्या परिसरात आले, आणि जुने प्रतिस्पर्धी एका रस्त्याच्या दोन बाजूंस शेजारी म्हणून राहू लागले.

या विद्यापीठाच्या रचनेतील एक बारकावा आपल्या विषयाशी निगडित आहे. येथे पदव्युत्तर वर्ग विद्यापीठाच्या विभागांत भरतात, पण कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे नाव मात्र एखाद्या महाविद्यालयाच्या पटावर असते. एका महाविद्यालयातून बी.ए. झालेल्याने एम.ए.साठी दुसऱ्याच्या पटावर नाव घातले, तर त्याचे विद्यापीठ बदलत नाही, ग्रंथालय बदलत नाही, बहुधा चहाची टपरीही बदलत नाही. बदलतो तो अंगावरचा सदरा. गेल्या हिवाळ्यात ज्या गोलजाळ्याचे रक्षण केले, त्याच जाळ्यात या हिवाळ्यात चेंडू मारण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. शिवाय मिझोराम, मणिपूर, नागालँड या फुटबॉलवेड्या प्रदेशांतून पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी दिल्लीस येणारे तरुण आहेतच. त्यांच्याबरोबर त्यांचा खेळही येतो आणि नव्या विद्यालयाच्या नावे जमा होतो.

आंतरविद्यापीठ पातळीवर अशा स्थलांतरावर लक्ष ठेवण्याचे काम १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाकडे आले. १९७३ पासून हीच संस्था भारतीय विद्यापीठ संघ या नावाने दिल्लीतून कारभार पाहते. सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाच्या ढालीसाठी विद्यापीठांचे फुटबॉल संघ १९४१ पासून झुंजत आले आहेत. खेळाडू खरोखरीचा विद्यार्थी असावा, त्याच्या वयास मर्यादा असावी, त्याने पूर्णवेळ नोकरी करीत असता विद्यार्थी म्हणून मिरवू नये, असा या नियमांचा रोख आहे. पदवीधराने दुसरे विद्यालय गाठले तर त्याला गुन्हेगार मानावे, अशी कल्पना त्यांच्या मुळाशी नाही.

दिल्लीत जी गोष्ट अशी निमूटपणे घडत आली, तिच्यासाठी अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे वाद चालला. तेथील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि प्रतिस्पर्ध्यास अंगबळाने अडविण्याचा तो खेळ आहे. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यालयांत पहिला सामना झाला, आणि पुढील तीस वर्षांत हा खेळ विद्यालयांच्या प्रतिष्ठेचे माप होऊन बसला. प्रतिष्ठा आली की तिच्या पाठोपाठ उसनवारी येते. १८९६ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायदा शिकणारा फील्डिंग योस्ट नावाचा धिप्पाड विद्यार्थी ऐन हंगामात लाफायेत महाविद्यालयात दाखल झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बलाढ्य संघाविरुद्ध तो खेळला, लाफायेतने सहा विरुद्ध चार असा विजय मिळविला, आणि थोड्याच दिवसांत योस्टमहाशय आपल्या मूळच्या वर्गात परत येऊन बसले! पुढे हेच गृहस्थ मिशिगन विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक झाले. अशा भटक्या खेळाडूंचा तेथे त्या काळी सुळसुळाट होता.

१९०५ च्या हंगामात या खेळात इतके तरुण प्राणास मुकले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली. त्या खळबळीतून १९०६ साली एक नियामक संस्था उभी राहिली. १९१० पासून ती नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या नावाने ओळखली जाते. योस्टसारख्यांना आवर घालण्यासाठी जो उपाय रूढ झाला तो असा, की विद्यालय बदलणाऱ्याने पहिले वर्ष मैदानाबाहेर बसून काढावे. हेतू चांगला होता. पण नियमाचा स्वभाव असा, की तो लबाडासाठी जन्मतो आणि प्रामाणिकालाही जखडतो. प्रशिक्षक अधिक वेतनासाठी आज येथे तर उद्या तेथे जाऊ शकत होते. त्यांच्या भरवशावर आलेला विद्यार्थी मात्र हलला, तर वर्षाला मुकत होता.

यातून वाट निघाली ती पदवीच्या दारातून. तेथे खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येत असत. दुखापतीमुळे किंवा राखीव राहिल्यामुळे ज्याचा एखादा हंगाम शिल्लक आहे, असा मेहनती विद्यार्थी त्याआधीच पदवीधर होई. अशाने पदव्युत्तर अभ्यासासाठी दुसरे विद्यालय निवडले तर त्याला ताबडतोब खेळू द्यावे, असा नियम २००६ साली झाला. सदस्य विद्यालयांनी २००७ च्या आरंभी तो फेटाळला. पण नव्या ठिकाणचा अभ्यासक्रम जुन्या विद्यालयात नसेल तर सवलत मिळावी, एवढी फट उघडी राहिली, आणि त्या फटीचाच पुढे दरवाजा झाला.

त्या दरवाजातून गेलेल्यांत दोन नावे ठळक आहेत. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाचा रसेल विल्सन तीन वर्षांतच पदवीधर झाला होता. व्यावसायिक बेसबॉलही खेळण्याच्या त्याच्या इच्छेवरून तेथे मतभेद झाले, आणि २०११ साली तो विस्कॉन्सिनला गेला. त्याच हंगामात त्याने त्या संघास आपल्या परिषदेचे विजेतेपद मिळवून दिले. जो बरो हा ओहायो राज्य विद्यापीठात राखीव खेळाडू म्हणून बसून असे. २०१८ साली तो पदवी घेऊन लुईझियाना राज्य विद्यापीठात गेला. २०१९ च्या हंगामात त्याचा संघ सर्वच्या सर्व पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला, आणि त्याला महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च हाइझमन सन्मान मिळाला. एका अंगणात सावलीत राहिलेले रोप दुसऱ्या अंगणात असे बहरले.

टीकाकारही होते. पदव्युत्तर अभ्यास हे केवळ निमित्त आहे, हंगाम संपला की पुस्तके मिटतात, असे ते म्हणत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लहान विद्यालयांनी खेळाडू घडवावा आणि तो ऐन भरात आला की मोठ्यांनी उचलावा, ही तक्रारही खरी होती. तथापि या नियमात एक गोष्ट अशी होती, जी त्या खेळाच्या साऱ्या इतिहासात अन्यत्र आढळत नाही. येथे स्वातंत्र्याची किंमत पदवी ही होती. ज्याने वर्गातील ऋण फेडले, त्याला मैदानावरील ऋणातून मोकळे करावे, असा त्याचा अर्थ होता. अभ्यास हा खेळाच्या वाटेतील अडसर नसून सुटकेची किल्ली आहे, असे सांगणारा तो बहुधा एकमेव नियम होता.

पुढे ही किल्ली निरुपयोगी झाली. २०२१ साली सर्वांनाच एकदा विनाअट विद्यालय बदलण्याची मुभा मिळाली. २०२४ पासून अभ्यासाची किमान अट सांभाळून कितीही वेळा बदलता येऊ लागले. २०२१ पासूनच खेळाडूंना आपल्या नावाच्या प्रसिद्धीवर पैसा मिळविता येऊ लागला, आणि २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यालये स्वतः खेळाडूंना वर्षाकाठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटू शकतील, असे ठरले. वर्षानुवर्षे ज्यांच्या घामावर इतरांनी संपत्ती उभारली त्यांना वाटा मिळाला, हा न्यायच झाला. मात्र त्या न्यायात पदवीचे विशेष मोल उरले नाही. कुलूपच निघाल्यावर किल्ली कोण जपणार?

भारतात हा प्रश्न कसा सुटला हे पाहावयाचे, तर टी. आओ यांचे चरित्र आठवावे. नागा टेकड्यांत १९१८ साली जन्मलेला हा तरुण गौहत्तीच्या कॉटन महाविद्यालयातून कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि तेथे शिकत असताना मोहन बागानकडून खेळू लागला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व त्याने केले. नंतर वैद्यकीय पदवी घेऊन हा कर्णधार आपल्या डोंगरांत परतला आणि आयुष्यभर रुग्णसेवेत राहिला. त्याने विद्यालय बदलले, शहर बदलले, पण कोणी त्याला द्रोही म्हटले नाही. कारण तो कोठे चालला आहे हे त्याला ठाऊक होते.

आज दिल्लीतील महाविद्यालयांत खेळाडूंसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात आणि चाचण्यांच्या दिवसांत देशभरातील मुले बूट खांद्याला अडकवून येथे येतात. त्यांच्या बाबतीत खरा प्रश्न ते कोणाचा सदरा घालतील हा नाही. सदरा उतरल्यावर त्यांच्या हाती काय उरेल, हा आहे. पदवी उरली, तर दुसऱ्या दाराशी जाण्याचे स्वातंत्र्य तिच्याबरोबर येतेच.

आणि विद्यालयाचा हक्क? त्याचे उत्तर दिल्लीतच एका इमारतीवर कोरलेले आहे. इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास २०१० साली खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीस निघाला, तेव्हा प्रवासाला पैसा नव्हता. ज्या राजाराम महाविद्यालयात तो शिकला, त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, कोल्हापुरात कुस्त्या लढले आणि गुरूचे घर सोडवून दिले. हा व्यवहार कोणत्याही नियमावलीत बसणारा नव्हता. विद्यार्थी आपल्या पटावर आहे की नाही, हे प्राचार्यांनी विचारले नाही. आपण आता या विद्यालयाचे कोण लागतो, हे खाशाबांनीही विचारले नाही. विद्यार्थ्यावर विद्यालयाचा हक्क असतो तो एवढाच, आणि तो बजावण्यासाठी त्याला अडवून ठेवावे लागत नाही.