रिकाम्या रकान्याचा अर्थ : डेटाटाइपच्या मानकांची गोष्ट

आजचा विषय नुसता वाचला तरी जांभई यावी असा आहे. संगणकाच्या सगळ्या भाषांना सारखेच लागू पडतील असे डेटाचे प्रकार कसे ठरवले गेले आणि त्यांची वेगवेगळी मानकं एकमेकांशी कशी जुळवली गेली, त्याचा हा इतिहास. माझं शिक्षण तत्त्वज्ञानाचं. तरीही मी हा विषय घेतला, कारण ‘प्रकार’ ही कल्पना संगणकवाल्यांच्या आधी आमच्या गल्लीत राहत होती. आणि दुसरं म्हणजे, ही गोष्ट शेवटी हॉस्पिटलातल्या केसपेपरपाशी येऊन थांबते. तिथे तुमचा-माझा सगळ्यांचाच संबंध येतो.

सुरुवात १९०२ पासून करू. त्या वर्षीच्या जूनमध्ये बर्ट्रंड रसेल यांनी गोटलोब फ्रेगे यांना एक पत्र लिहिलं. प्रश्न असा : जे संच स्वतःचेच घटक नाहीत, अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? आहे म्हणावं तर नाही ठरतो, नाही म्हणावं तर आहे ठरतो. फ्रेगे यांच्या आयुष्यभराच्या कामाच्या पायालाच तडा गेला. रसेल यांनी १९०८ साली यावर सविस्तर उपाय मांडला, तो प्रकारांचा सिद्धान्त. सार एवढंच की प्रत्येक वस्तूला एक प्रकार असतो आणि त्या प्रकाराला जे प्रश्न लागू नाहीत ते विचारायचेच नाहीत. वाक्य व्याकरणात बसलं म्हणून त्याला अर्थ असतोच असं नाही.

आता संगणकाकडे या. यंत्राच्या स्मृतीत नुसते शून्य आणि एक. बत्तीस खणांची एक ओळ घेतली, तर ती संख्या असेल, चार अक्षरं असतील, तारीखही असेल. यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. ओळीचा अर्थ ठरवतो तो प्रकार. १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये यासाठी एक साधी सोय होती. चलाचं नाव आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू झालं की तो पूर्णांक, नाहीतर अपूर्णांक. फोर्ट्रान शास्त्रज्ञांची. हिशेबनिसांसाठी १९५९-६० मध्ये कोबोल आली. तिला दशांशातले पैसे चोख लागत. पुढे अल्गोल, पास्कल, सी. प्रत्येक घराण्याची गायकी वेगळी.

एकेकट्याने गायचं तोवर याने काही बिघडत नव्हतं. पण एका भाषेतल्या प्रोग्रामने दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रामला हाक मारायची वेळ आली आणि भांडणं सुरू झाली. साधा तक्ता घ्या. फोर्ट्रान तो स्तंभास्तंभाने साठवते आणि मोजणी एकपासून करते. सी ओळीओळीने साठवते आणि शून्यापासून मोजते. तक्ता तोच, पण पलीकडे पोचेपर्यंत उलटापालटा. बरं, दहा भाषा असतील आणि प्रत्येकीपासून प्रत्येकीत जायचं असेल, तर नव्वद दुभाषे लागतात. मधे एक सामाईक परिभाषा ठेवली, तर प्रत्येक भाषेला जाण्याचा एक आणि येण्याचा एक, म्हणजे वीस पुरतात.

ही सामाईक परिभाषा तयार करण्याचं काम आयएसओ आणि आयईसी या दोन आंतरराष्ट्रीय मानक संस्थांच्या संयुक्त समितीत झालं. ही समिती १९८७ साली स्थापन झाली. तिच्या प्रोग्रामिंग भाषांच्या उपसमितीतल्या एका कार्यगटाने जे मानक तयार केलं, ते १९९६ साली प्रसिद्ध झालं. त्याचा क्रमांक ११४०४, विषय भाषानिरपेक्ष डेटाटाइप. २००७ साली त्याची सुधारित आवृत्ती आली.

त्यात नवं काय होतं? बघा, त्यांनी खण किती, शून्य-एक कसे मांडायचे, हा प्रश्नच बाजूला ठेवला. प्रकार म्हणजे तीन गोष्टी, असं ते म्हणाले. एक, कोणकोणती मूल्यं असू शकतात. दोन, त्या मूल्यांचे गुणधर्म काय : त्यांना क्रम आहे का, मर्यादा आहे का, ती नेमकी आहेत की अंदाजे. तीन, त्यांच्यावर कोणत्या क्रिया करता येतात. आमच्या नैयायिकांनी जाती आणि व्यक्ती यांचा जो खल केला, त्याची आठवण व्हावी असं हे आहे.

याचा व्यवहारात उपयोग? तुमचा मोबाइल नंबर ही संख्या आहे का? आकडे आहेत खरे, पण दोन मोबाइल नंबरांची बेरीज कोणी करत नाही. क्रिया लागू नाही, तेव्हा प्रकार संख्येचा नाही. पैशांचं उलट आहे. तिथे बेरीज हवी आणि ती पैशापैशाला जुळायला हवी. म्हणून मानकाने ठरावीक दशांशस्थळांची नेमकी संख्या आणि अंदाजे वास्तव संख्या हे दोन प्रकार वेगळे ठेवले. तसंच संच, पिशवी आणि क्रम. संचात एक वस्तू एकदाच. पिशवीत दोनदा असली तर दोनदा मोजायची. क्रमात पुढे कोण, मागे कोण हेही महत्त्वाचं. वाण्याची यादी, थैली आणि रेशनची रांग एकच म्हणून कसं चालेल?

पण नुसत्या व्याख्येने अपघात टळत नाहीत. हे मानक ज्या वर्षी आलं, त्याच १९९६ च्या ४ जूनला युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. एक ६४ खणांची अपूर्णांकी संख्या १६ खणांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. त्या पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. जुन्या एरियान-४ च्या मार्गावर ती कधी ओलांडली गेली नव्हती, नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता. मर्यादा हा प्रकाराचाच भाग आहे, हे कागदावर मान्य असणं वेगळं आणि ऐनवेळी कोणी ते तपासणं वेगळं.

त्यानंतर २३ सप्टेंबर १९९९. नासाचं मंगळावर गेलेलं क्लायमेट ऑर्बिटर हरवलं. इथे संख्येचा प्रकार ठीक होता, चूक एककात होती. एका बाजूचा प्रोग्राम पौंड-सेकंदांत आकडे देत होता, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. म्हणजे नुसती संख्या हा पुरेसा प्रकारच नव्हे. संख्या आणि तिचं एकक मिळून एक मूल्य होतं.

११४०४ हा क्रमांक आज फारसा कोणाच्या तोंडी नाही. पण त्यातला विचार झिरपत गेला. २००१ साली वेबसाठीच्या एक्सएमएल स्कीमाचं जे मानक आलं, त्याने आपल्या प्रकारव्यवस्थेवर या मानकाचा प्रभाव असल्याचं नमूद केलं आहे. आणि २०११ साली आरोग्यक्षेत्रासाठी आयएसओ २१०९० आलं. त्याच्या नावातच ‘सुसंवादी केलेले डेटाटाइप’ असे शब्द आहेत. एचएल-सेव्हन ही संघटना, युरोपची मानक संस्था आणि आयएसओ यांचे मार्ग त्यात एकत्र आणायचे होते. संख्येबरोबर एकक असलेली राशी हा तिथे स्वतंत्र प्रकार आहे. औषधाच्या मात्रेत मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, हे सांगायला नकोच.

मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती रिकाम्या रकान्याची व्यवस्था. केसपेपरवर ‘औषधाची ॲलर्जी’ असा रकाना आहे आणि तो कोरा आहे. काय समजायचं? विचारलंच नाही? विचारलं, पण रुग्णाला ठाऊक नाही? माहिती आहे, पण आत्ता हाताशी नाही? की हा प्रश्न इथे लागूच होत नाही? या मानकात अशा प्रत्येक कोरेपणाला वेगळी खूण आहे. आणि ‘ॲलर्जी नाही’ हे तर कोरेपण नव्हेच, ते भरलेलं उत्तर आहे.

तर्कसंग्रह वाचलेल्यांना इथे अभाव आठवेल. घडा घडण्यापूर्वीचा प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, वायूत रूपाचा अत्यंताभाव, घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. फरक आहे, तो लक्षात ठेवा. नैयायिक वस्तूच्या अभावाबद्दल बोलतात, मानक बहुतेक वेळा आपल्या माहितीच्या अभावाबद्दल. पण ‘नाही’ हा शब्द एकच असला तरी त्यामागचे ‘नाही’ अनेक असतात, हे दोघांनीही ओळखलं.

आज आपल्याकडेही आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये एका दवाखान्यातली नोंद दुसरीकडे वाचता यावी, म्हणून एचएल-सेव्हनच्याच ‘फायर’ या पुढच्या मानकाचा आधार घेतला आहे. उद्या तुमची नोंद एखाद्या परगावच्या डॉक्टरसमोर उघडेल. तुम्ही बेशुद्ध असाल, सांगायला जवळ कोणी नसेल. तो कोरा रकाना बघेल आणि इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवेल. ‘विचारलं नाही’ आणि ‘ॲलर्जी नाही’ यांतला फरक त्या क्षणी कोणी तर्काचा खेळ म्हणणार नाही.