लोणारचा 'काळा पाषाण' : तळटीप

लेखक म्हणतात तो 'काळा पाषाण' म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. लाव्हात जीवाश्म सापडत नाहीत. ते दोन उद्रेकांमधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळात मिळतात. असे थर भूशास्त्राचे अभ्यासक हिस्लॉप यांनी नागपूरजवळ टाकळीला 19व्या शतकातच अभ्यासले. बुलढाण्यात मात्र दगडाचे वाचन करायचे ते लोणारलाच. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या उल्काघाताच्या विवराच्या कडेवर उभे राहून पाहावे : एरवी आडवे असणारे थर इथे उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. आघाताच्या दाबाने काचेत बदललेले फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, इथल्या खडकांत आहे. विवराच्या वयाविषयी एकमत नाही : एक मापन सुमारे 52 हजार वर्षे, दुसरे सुमारे 5.7 लाख. म्हणून मूळ मजकुरातला '50 हजार' हा आकडा आम्ही तसाच ठेवला असला, तरी तो अंतिम मानू नये. – संपादक