मारुतीचं इंजिन खोलताना

मागच्या दिवाळीत नगरला घरी गेलो, तेव्हा आबांनी फराळ करता करता विषय काढला. "गाडी भंगारात देऊन टाकू. नुसती जागा अडवून बसलीये."

गाडी म्हणजे १९८५ची मारुती ८००. पहिल्या अवतारातली, खोक्यासारखी, एमएच-१६ सुरू व्हायच्या आधीच्या नंबरची. चालू केली की मागे निळा धूर आणि शेजारच्या काकूंची वाळत घातलेली चादर आत! शिवाय २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या कारचं नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये केलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच. थोडक्यात, आबांचा हिशोब बरोबर होता.

आता मी पुण्यात पोटापाण्यासाठी जावा लिहितो. वीस वर्षं जुना कोड कुणी "फेकून द्या" म्हणालं की आमच्यात एक पद्धत आहे, आधी तो वाचायचा. म्हटलं, आबा, मला चार महिन्यांचे शनिवार-रविवार द्या. इंजिन खोलून बघतो, मग ठरवू.

भिंगारचे मिस्त्रीमामा मदतीला आले. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नगरमध्ये अशी माणसं भेटतातच, कारण गावाला इंजिनांचं वावडं कधीच नव्हतं. इथे लष्कराचं रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, आणि नगर-दौंड रस्त्यावर किनेटिकचा कारखाना. १९७२ साली आलेली लूना त्या किनेटिकचीच. मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं जपानी यंत्रही मारुती नव्हतं. १९९४ साली उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातला जपानी हा-गो उभा आहे, त्यात मित्सुबिशीचं हवेने थंड होणारं १२० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन असायचं. शाळेच्या सहलीत त्याच्यावर चढायला गेलो आणि सरांच्या दोन खाल्ल्या. असो.

तर इंजिन. स्पार्क प्लग काढून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, तर तिन्ही कमी. मामांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि परत मोजायला लावलं. काटा झपकन वर गेला. "व्हॉल्व्ह ठीक आहेत, रिंगा गेल्या," मामा म्हणाले. ऑइलने पिस्टनच्या बाजूची फट तात्पुरती बुजवली म्हणून दाब वाढला, म्हणजे गळती तिथेच. साधं डीबगिंग!

शेडच्या तुळईला चेनपुली टांगून इंजिन बाहेर काढलं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, तीन सिलिंडर. इथे हे इंजिन आलं कुठून ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे.

जपानमध्ये हामामात्सु नावाचं शहर आहे, विणकरांचं. नगरातही एके काळी साळी-पद्मशाली समाजाचे हातमाग घरोघरी होते, तसंच. तिथे १९०९ साली मिचिओ सुझुकी यांनी माग बनवायचा कारखाना काढला. कापडधंदा बसला तशी कंपनी इंजिनांकडे वळली. १९५२ मध्ये सायकलला लावायचं ३६ सीसीचं इंजिन, १९५५ मध्ये सुझुलाइट ही ३६० सीसीची कार. जपानात छोट्या गाड्यांचा 'केई' नावाचा वेगळा वर्ग आहे. कर कमी, पण इंजिनाच्या आकारावर कायद्याची मर्यादा. १९७६ साली ती ३६० वरून ५५० सीसी झाली. १९७९ मध्ये सुझुकीने त्या वर्गात अल्टो आणली, किंमत ४ लाख ७० हजार येन.

आमच्या गाडीचं इंजिन मात्र ७९६ सीसी. म्हणजे जपानच्या त्या नियमात न बसणारं, बाहेरच्या देशांसाठी मोठं केलेलं. एफ८बी त्याचं नाव. ऑक्टोबर १९८२ मध्ये मारुती उद्योग आणि सुझुकीचा करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या गाडीची किल्ली दिली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. सुरुवातीला बहुतेक भाग जपानहून किटमध्ये यायचे आणि गुडगावला जोडले जायचे.

तोवर आपल्याकडे कार म्हणजे अँबॅसिडर नाहीतर पद्मिनी. मामा सांगतात, "त्या गाड्यांना हात लावला की कळायचं काय झालंय. कानस मारून पार्ट बसवायचो. मारुती आली आणि आम्ही घाबरलो. सगळं मापात. कानस चालेना." सुरुवातीला लोक म्हणायचे, जपानी इंजिन एकदा उघडलं की संपलं.

खरं तर उलट होतं, हे मला ब्लॉक मोजताना कळलं. सिलिंडरचा मूळ व्यास ६८.५० मिमी, स्ट्रोक ७२. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा बोअर करायचा आणि त्या मापाचा पिस्टन टाकायचा. पण 'थोडा' म्हणजे किती, हे मेकॅनिकच्या मनावर नाही. पाव मिलिमीटर, मग अर्धा मिलिमीटर. या दोनच पायऱ्या, आणि दोन्हींचे पिस्टन आणि रिंगा आधीपासून बनवलेल्या. म्हणजे इंजिन तयार करणाऱ्यानेच गृहीत धरलंय, की हे झिजणार आणि कुणीतरी, कुठेतरी ते उघडणार. सॉफ्टवेअरमध्ये एवढा पुढचा विचार केलेला मी क्वचित पाहिलाय, स्वतःच्या कोडमध्ये तर नाहीच.

आणि सिलिंडरचं माप आलं ६८.७५च्या पुढे. आबांना विचारलं. "हो, सत्त्याण्णव साली एकदा काम केलं होतं की!" म्हणजे पहिली पायरी संपलेली. उरली शेवटची.

पुण्यात नाना पेठेत ०.५० चे पिस्टन मिळतील का, धाकधूक होती. पहिल्याच दुकानात मिळाले. कारण हे ७९६ सीसीचं कुळ फार जगलं. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, पण ओम्नी २०१९ पर्यंत होती आणि अल्टो ८०० मध्ये याच मापाचं सुधारित इंजिन २०२३ पर्यंत. गाडी म्युझियममध्ये जायच्या वयाची, पण पार्ट काउंटरवर!

पिस्टन आधी एमआयडीसीतल्या बोअरिंगवाल्याला नेऊन दिले. भोक पिस्टनच्या मापाने करायचं असतं, पिस्टन भोकाच्या मापाने नाही. दोघांत फट ठेवायची ती केसाच्या जाडीपेक्षा कमी. शेवटी होनिंग करून भिंतीवर तिरप्या बारीक रेघा काढतात, त्यात ऑइल धरून राहतं.

मग रिंगा. बिडाची साधी कडी वाटते, पण सोइचिरो होंडा हेही हामामात्सुचेच, आणि १९३०च्या दशकात ते पिस्टन रिंगाच बनवायला गेले होते. रिंगा ठिसूळ निघायच्या. धातुशास्त्र शिकायला ते तिथल्या तंत्रशाळेत जाऊन बसले, तेव्हा कळलं की सिलिकॉन कमी पडतंय. पुढे टोयोटाने ५० रिंगा तपासल्या, त्यांतल्या फक्त ३ पास झाल्या. होंडा कंपनी त्यानंतरची, १९४८ची.

तर तीच रिंग मी उलटी बसवली. दुसऱ्या सिलिंडरची दुसरी रिंग. या रिंगेवर एक बारीक अक्षर असतं, ते वर यायला हवं. उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ओढते, म्हणजे परत निळा धूर. मी आणि मामा चहा पीत होतो. आबा चष्मा लावून बाकावरचे पिस्टन निरखत होते. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या तपासलेला माणूस. म्हणाले, "बाकी दोघांवर अक्षर दिसतंय, याच्यावर का नाही रे?"

मामा उठून बघायला गेले आणि हसतच सुटले. मी गपचूप रिंग काढून सुलटी केली.

त्यानंतर आबा रोज शेडमध्ये. हेड बोल्ट टॉर्क रेंचने आवळताना आकडा मोठ्याने वाचायचं काम त्यांनी घेतलं. टॅपेट मी फीलर गेजने ०.१५ ला लावले. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी कार्बुरेटरच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या टाकल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चौथ्या सेल्फला इंजिन लागलं. तीन सिलिंडरची ती ओळखीची थरथर, आणि मागे धूर नाही. शेजारच्या काकू चादर घेऊन गच्चीत थांबल्याच होत्या.

सहज हिशोब केला. ६९ मिमी व्यास, ७२ स्ट्रोक, तीन सिलिंडर... आता ते ८०८ सीसी झालंय. आरसी बुकात अजून ७९६ आहे. ब्लॉकमध्ये आता कापायला जागा नाही. पुढच्या वेळी स्लीव्ह ठोकावी लागेल, आणि ती वेळ आली तर मी कितीचा असेन कोण जाणे.

आबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ते पुढचं पुढे. नूतनीकरणाचे दहा हजार मी भरतो. तू आधी केडगावपर्यंत चक्कर मारून आण, आणि पन्नासच्या वर नेऊ नकोस. रिंगा बसायच्यात अजून."