नोट वाचली, ठेव बुडाली

जुन्या अमेरिकन 'नॅशनल बँक नोटा' जमवणाऱ्यांची एक गंमत मला फार आवडते. नोट हातात आली की ते किती डॉलरची हे नंतर बघतात, आधी बँकेचं नाव आणि गाव. मोठ्या शहरातल्या बँकेची असेल तर भाव बेताचा. तशीच नोट एखाद्या खेड्यातल्या, लवकर बंद पडलेल्या बँकेची निघाली तर हजारो डॉलर! धुतलेली, इस्त्री फिरवलेली नोट मात्र जाणकार ओळखतात आणि भाव पाडतात.

१८६३ च्या कायद्याआधी तिकडे राज्याराज्यांतल्या बँका आपापल्या नोटा काढायच्या. बनावट ओळखायला व्यापारी छापील पुस्तिका जवळ ठेवत. नव्या कायद्याने बँकेने सरकारी रोखे घेऊन ट्रेझरीत ठेवायचे, त्यावर ९० टक्क्यांपर्यंत नोटा मिळायच्या. सही बँकेच्या अध्यक्षाची आणि कॅशियरची. १९३५ पर्यंत हे चाललं. (आपल्याकडे बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढायचा हक्क १८६१ च्या कायद्यानेच गेला होता.)

खरी मेख पुढे आहे. बँक बुडाली तरी तिची नोट चालायची, कारण रोखे सरकारकडे. त्याच बँकेत ज्याने घाम गाळून ठेव ठेवली, तो मात्र रांगेत उभा. त्याला देशभर विम्याचा आधार मिळाला तो १९३३ च्या कायद्याने, म्हणजे ७० वर्षांनी. नोटवाल्याची काळजी आधी घेतली, कारण नोट बाजार चालवते. ठेवीदार थांबू शकतो, असा हिशेब मला त्यात दिसतो.

आपल्याकडे ठेवींचा विमा १९६२ पासून आहे. २०२० पासून मर्यादा ५ लाख, आणि तीही व्याज धरून.