अश्वाचा दम व त्याची परीक्षा

मोलगी हें अक्कलकुवा तालुक्यांतील, सातपुड्याच्या कुशींत वसलेलें गांव. येथून डोंगर उतरून तापीकांठीं सारंगखेड्यास गेलें, म्हणजे दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरलेला दिसतो. गिऱ्हाईक प्रथम भोंवरे पाहतो, मग आयाळ, कान व उंची. पंचकल्याणी जनावर शुभ मानलें जातें. घोडा किती दूर जाईल, ही पृच्छा मात्र क्वचितच ऐकूं येते. बाह्य लक्षणांवरून घोड्याच्या दमाचें व भावी कर्तृत्वाचें अनुमान करतां येतें काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शालिहोत्राच्या नांवावर चालणाऱ्या परंपरेंत आवर्त, वर्ण इत्यादि लक्षणांचा विस्तार पुष्कळ आहे. त्यामुळें आपलें अश्वशास्त्र म्हणजे केवळ शुभाशुभांचा पसारा, असा कित्येकांचा ग्रह झालेला आहे. तो यथार्थ नाहीं. कौटिल्यानें अश्वाध्यक्षप्रकरणांत दोन मापें दिलीं आहेत. पहिलें शरीराचें. उत्तम अश्वाचें मुख ३२ अंगुलें. मध्यम व कनिष्ठ यांचें क्रमानें तीन-तीन अंगुलांनीं कमी. दुसरें अध्वाचें, म्हणजे मजलेचें. रथाच्या घोड्यांस ६, ९ व १२ योजनें. स्वारीच्या घोड्यांस ५, साडेसात व १०. योजनाच्या लांबीविषयीं मतभेद असले तरी परस्परप्रमाण बदलत नाहीं. मुखाच्या मापांत उत्तम व कनिष्ठ यांचें अंतर पंचमांशाहूनहि कमी. मजलेंत मात्र तें बरोबर दुपटीचें! शरीर थोडें उणें असतां दम निम्म्यावर येतो. म्हणूनच दमाचें माप स्वतंत्र द्यावें लागलें, असें मला वाटतें.

मराठ्यांच्या इतिहासांत यास पुष्टि मिळते. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टें अरबी घोड्यांपुढें लहान चणीचीं. परंतु थोड्या दाण्यावैरणीवर लांब मजला मारण्याबद्दल त्यांची ख्याति होती. १७५८ त मराठी फौज लाहोरापलीकडे गेली, ती घोड्याच्या उंचीच्या बळावर नव्हे. उलट, १७६१ त पानिपतावर वैरण तुटली, तेव्हां जातिवंत घोडींहि उभीं राहूं शकलीं नाहींत. दम हा जन्मानें मिळतो, पण पोटानें टिकतो. १८१८ त पेशवाई गेल्यावर पागा मोडल्या आणि या तट्टांची कदरहि कमी होत गेली. स्वतंत्र जात म्हणून त्यांची सरकारी नोंद अगदीं अलीकडे झाली आहे.

आतां मैदानी शर्यती पाहूं. मुंबईस १९४३ त पहिली इंडियन डर्बी झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनें जिंकली. डर्बीचें अंतर २४०० मीटर. तीपूर्वीं दोन हजार गिनीची शर्यत १६०० मीटरांची, व तीनंतर पुण्यास सेंट लेजर २८०० मीटरांची. म्हणून डर्बी संपतांच जाणता मनुष्य केवळ विजेत्याकडे पाहत नाहीं. शेवटच्या टप्प्यांत कोण मंदावला, कोण अद्याप वेग वाढवीत होता, कोणाची धाप लवकर शमली, हें तो पाहतो. मागून येऊन तिसरा ठरलेला घोडा पुढें २८०० मीटरांस अधिक योग्य निघूं शकतो. डब्लिन येथील संशोधकांनीं २०१० त मायोस्टॅटिन या जनुकाच्या भेदांचा पल्ल्याशीं संबंध दाखविला. पण जनुक कल सांगतें, निकाल नव्हे. खुराक, शिक्षण, स्वार व पायांचें आरोग्य हीं उरतातच.

तात्पर्य, रूप, वेग व दम हे तीन निराळे गुण आहेत. एकावरून दुसऱ्याचा निश्चय होत नाहीं. सारंगखेड्याचें मोल रूपाचें, डर्बीचें वेगाचें व कांहीं अंशीं दमाचें. मोलगीच्या चढावर ओझें वाहणाऱ्या घोड्याचें मोल सर्वस्वी दमाचें. पेशवे दप्तरांतील पागांचे हिशेब व फौजांच्या मजला ताडून पाहिल्यास दक्षिणी घोड्याच्या दमाचा आंकडा हातीं येण्याजोगा आहे. तरुण अभ्यासकांनीं हें काम अवश्य हातीं घ्यावें; नाहींतर ज्या तट्टांनीं आपल्या इतिहासाचें ओझें वाहिलें, त्यांची परीक्षा आपण भोंवऱ्यांवरूनच करीत राहूं.