नाटकातलं ऊन

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या वैनगंगेकाठच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान हे इथलं पीक आणि नाटक हा इथला नाद. दिवाळी झाली, हलका धान घरात आला की मंडया भरू लागतात, शंकरपट होतात, आणि ज्या गावात मंडई किंवा पट, त्या गावात रात्री नाटक ठरलेलंच. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. रात्री १०च्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडायला आलं तरी नाटक चालूच असतं.

या नाटकांतली गाणी, नट, विनोद यांच्याबद्दल पुष्कळ लोक बोलतात. उजेडाबद्दल कोणी बोलत नाही. खरं तर केवढी अवघड गोष्ट आहे ती! बाहेर पौषातली काळोखी थंडी, लोक गोधड्या पांघरून बसलेले, आणि त्यांना समोर वैशाखाची दुपार दाखवायची. पाहणारे तरी कोण? ज्यांचा जन्म बांधीत गेला ते. घड्याळ न पाहता किती वाजले हे सावलीवरून सांगणारी माणसं. त्यांच्यापुढे खोटं ऊन चालत नाही.

दिव्यांनी ऋतू दाखवायची रीत फार जुनी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात चित्राभिनयाचा अध्याय आहे. त्यात ऋतू दाखवायचं काम नटाच्या अंगावरच टाकलेलं आहे. थंडी असेल तर नटानं अंग आखडून घ्यायचं, कुडकुडायचं. उन्हाळा असेल तर घाम पुसायचा, वारा घ्यायचा. उजेड फक्त नट दिसण्यापुरता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हाही वीज नव्हती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. त्यानंतर एकाच वर्षानं, १८८१ साली, लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळलं. तिकडची वीज आमच्या गावच्या रंगमंचावर पोचायला पुढं नव्वदेक वर्षं लागली.

आमचे आजोबा दंडारीत नाचायचे. त्यांच्या वेळी टेंभे असत. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, मोहाच्या बियांच्या तेलात भिजवायच्या आणि पेटवायच्या. दोन माणसं टेंभे धरून नाचणाऱ्याच्या दोन्ही अंगाला उभी राहत. तोंड दाखवायचं तर टेंभा वर, पाय दाखवायचे तर खाली. राक्षस आला की टेंभा त्याच्या हनुवटीखाली नेत. खालून उजेड पडला की ओळखीचा माणूसही भेसूर दिसतो. रोज वरून येणाऱ्या सूर्याच्या उजेडाची सवय असलेल्या डोळ्याला तो उलटा उजेड सहन होत नाही. कोणत्या बाजूनं उजेड आला यावर माणसाचं मन बदलतं, ही गोष्ट टेंभेवाल्यांना ठाऊक होती. पुस्तकात ती कोणी लिहिली नाही, एवढंच.

माझ्या लहानपणी गॅसबत्त्या होत्या. टाकीत रॉकेल, पंपानं हवा भरायची, वरची जाळी पेटली की सूं सूं आवाज करत पांढराफेक उजेड पडे. रंगमंचाला पाच-सहा बत्त्या टांगत. त्या काळी आम्हाला तो उजेड म्हणजे चैनच वाटे. पण तो सगळीकडे सारखा. सकाळ असो की मध्यरात्र, राजवाडा असो की जंगल, उजेड एकच. मग वेळ सांगायची पडद्यांनी आणि शब्दांनी. ‘प्रधानजी, रात्र फार झाली’ असं राजा म्हणाला की रात्र झाली, आणि आम्ही ती मानून घ्यायचो. गॅसबत्ती वाटेल तेव्हा कमी करता येत नाही. माझ्या काकांनी त्यावर तोड काढली होती. तेलाच्या डब्याचा तळ कापायचा आणि तो दोरीनं बत्तीच्या वर टांगायचा. रात्र आली की दोरी सैल, डबा बत्तीवर. पहाट झाली की दोरी ओढ, डबा वर. आमच्या गावच्या नाटकातली पहिली खरी पहाट त्या डब्यातून उगवली. डबा वर जाताना खर्र असा आवाज होई आणि पोरं हसत, ती गोष्ट वेगळी.

गावात वीज आली तेव्हा मी शाळेत होतो. काका तालुक्याला जाऊन एका लाईटवाल्याजवळ हंगामभर राहिले आणि मिठाच्या पाण्याचा डिमर शिकून आले. चिनीमातीची उंच बरणी, तिच्यात मिठाचं पाणी. तळाशी एक पत्रा, त्याला एक वायर. दुसरा पत्रा दोरीला बांधून वरून पाण्यात सोडायचा. दोन पत्रे एकमेकांपासून लांब असले की दिवा मंद, जवळ आले की प्रखर. तासा-दोन तासांत पाणी तापून वाफा निघत. त्या पाण्यात वीज खेळत असे. ओला हात लागला तर माणूस संपलाच. काका कोरड्या फळीवर उभे राहत आणि एक हात कायम पाठीमागे ठेवत. त्या बरणीजवळ त्यांनी कोणालाही येऊ दिलं नाही, मलाही नाही. असलं काम कोणी करू नये, आणि आता करायची गरजही नाही.

पण त्या बरणीनं एक गोष्ट फुकट दिली. तारेचा बल्ब मंद केला की तो नुसता कमी होत नाही, त्याचा रंगही बदलतो. आधी पांढरा, मग पिवळा, मग नारिंगी, मग विझता विझता लालसर. लोहाराच्या भट्टीतून काढलेला फाळ निवताना तसाच रंग बदलतो. दिवस मावळताना सूर्यही तसाच पिवळ्यावरून लालावर जातो. कारणं वेगळी आहेत. बल्बातली तार थंड होते म्हणून ती लाल होते. सूर्य खाली गेला की त्याच्या उजेडाला जास्त हवा ओलांडावी लागते आणि निळा उजेड वाटेतच पांगतो. पण डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून काकांनी दोरी हळूहळू वर घेतली की रंगमंचावर संध्याकाळ व्हायची, कागद न लावता. लोकांना ती आपल्या घरची संध्याकाळ वाटायची.

पुढे हॅलोजन आले आणि रंगीत जिलेटिन कागदही आले. सगळे लाईटवाले कागदाच्या नादी लागले. वसंताला गुलाबी, पावसाळ्याला हिरवा, रात्रीला निळा. निळा कागद सगळ्यांत आधी जळायचा. गडद निळा कागद दिव्याचा बहुतेक उजेड आणि ताप स्वतःच पिऊन टाकतो, म्हणून तो टिकत नाही. ‘रात्र महाग पडते गा,’ असं काका म्हणायचे. पिवळा कागद मात्र चार-चार प्रयोग चालायचा.

काकांचं म्हणणं असं की ऋतू रंगात कमी आणि सावलीत जास्त असतो. ते मला बांधीत उभं करून विचारायचे, ‘बाबू, तुझी सावली कुठं आहे?’ आमच्या भागात मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत एकेक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गडप होते. पौषात डिसेंबरच्या अखेरीला हाच सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो, जमिनीपासून जेमतेम ४६ अंश वर. तेव्हा भरदुपारी माणसाएवढी सावली पडते. म्हणून उन्हाळा दाखवायचा तर कागद नको. एकच पांढरा दिवा थेट डोक्यावर लावायचा. कपाळ, नाक, खांदे तळपतात, डोळे खोबणीत काळे पडतात. हिवाळा हवा तर दिवा बाजूनं तिरपा, किंचित पिवळा. पावसाळा हवा तर सावलीच नको. चारी बाजूंनी मऊ, राखी उजेड, कारण आभाळ भरलं की सावली जाते. शरदात सावली परत येते, आणि कडा कापल्यासारखी येते, कारण हवा धुतलेली असते.

खूप वर्षांनी एका नाट्यशिबिरात सरांनी सांगितलं की अमेरिकेत स्टॅन्ली मॅककँडलेस नावाच्या शिक्षकांनी १९३२ साली रंगमंचाच्या उजेडावर पुस्तक लिहिलं. नटावर दोन बाजूंनी ४५ अंशांतून दोन दिवे टाकायचे, एक उबदार रंगाचा, एक थंड रंगाचा, अशी त्यांची पद्धत. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या पौषातल्या दुपारचं ऊन झालं. एका गालावर ऊन, दुसऱ्यावर निळ्या आभाळाचा उजेड. त्याच शिबिरात तापस सेन यांचं नाव कळलं. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हात उत्पल दत्तांचं ‘अंगार’ नाटक झालं. त्यात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि मजूर बुडतात. ते चढत जाणारं पाणी तापसबाबूंनी उजेडानं दाखवलं होतं.

रात्रीची गोष्ट आणखी निराळी. खरं चांदणं निळं नसतं, राखी असतं. तरी रंगमंचावर निळा उजेड चालतो, याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. उजेड उतरत गेला की लाल रंग आधी काळा पडतो, निळा-हिरवा मागाहून. तिन्हीसांजेला फुललेल्या पळसाकडे पाहत थांबा. जे झाड दुपारी पेटल्यासारखं दिसतं, तेच सगळ्यांत आधी काळं होतं. पुरकिंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवून ठेवलं. म्हणून रात्रीच्या प्रवेशात नायिकेला लाल लुगडं नेसवू नये. निळ्या उजेडात ते काळंच दिसतं.

पहाटेचंही तसंच. तांबडं फुटतं असं आपण म्हणतो म्हणून नवे लाईटवाले पहाटेला सरळ लाल दिवा लावतात. पण तांबडं फुटायच्या आधी बराच वेळ नुसतं पांढुरकं असतं. त्यात वस्तू दिसतात, रंग दिसत नाहीत. काका आधी तो राखी उजेड आणत. मागून ओल्या तणसाचा धूर सोडत, म्हणजे बोडीवरचं धुकं झालं. लाल नंतर, आणि तोही थोडाच वेळ. शिवाय शेवटच्या अंकातली पहाट खऱ्या पहाटेच्या आधी संपवावी लागे. बाहेर उजाडलं की रंगमंचावरचा कोणताही दिवा फिका पडतो.

एक वर्ष मी विसरू शकत नाही. हस्ताचा पाऊस आलाच नाही. भारी धान निसवायला आला होता आणि बांध्या भेगाळल्या. लोंब्या पोचट निघाल्या. नाटक करावं की नाही यावर मंडळात भांडण झालं. शेवटी केलं, आणि शेतकऱ्याचंच केलं. त्यात नायक वाळत्या धानाजवळ बसून असतो, असा प्रवेश होता. नवीन पोरांचं म्हणणं पडलं, दुःखाचा प्रवेश आहे, लाल-जांभळा लावू. काका म्हणाले, ‘त्या दिवशी आभाळ लाल होतं का गा?’

त्यांनी एकच पांढरा दिवा लावला, जवळजवळ डोक्यावरून. गाणं नाही, वाजंत्री नाही. थोड्या वेळानं तो दिवा किंचित खाली घेतला आणि बाजूचा निळ्या कागदाचा दिवा किंचित वर. कुठून तरी ढग आला. नटानं मान वर केली. तेवढ्यात समोरच्या शेकडो माणसांनीही वर पाहिलं. वर मंडपाचं कापड होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं का? पण त्या वर्षी सगळ्यांनी महिनाभर तेच केलं होतं. मग निळा दिवा गेला आणि पांढरं ऊन परत आलं. ढग निघून गेला. बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आणि माझ्या शेजारी बसलेला बाप्या गोधडी तोंडावर घेऊन हुंदके देत होता. वर्षभर जे कोणापुढं बोलता आलं नाही ते त्या उजेडानं बोलून घेतलं.

आता एलईडी आले. त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही. शॉकची भीती कमी, कागद जळत नाही, लहान जनरेटरवर सगळं चालतं, आणि एकाच दिव्यातून पाहिजे तो रंग निघतो. पण बटण दाबताच रंग मिळतो म्हणून प्रत्येक वाक्याला रंग बदलतो. आई मरते तिथं जांभळा, गाण्यात सात रंग, भांडणात लाल. पाहणाऱ्याला दिवस कळत नाही की रात्र. दुसरी गोष्ट, साधा पांढरा एलईडी मंद केला तर नुसता मंद होतो, लाल होत नाही. तारेचा बल्ब जी संध्याकाळ फुकट देत होता ती आता ठरवून करावी लागते. पांढरा उतरवताना सोबत पिवळा आणि मग नारिंगी चढवावा लागतो. ज्याला संध्याकाळ ठाऊक आहे तोच हे करणार.

माझा पुतण्या आता हे काम करतो. हंगामात त्याला एक रात्र मोकळी नसते. मागं तो मला म्हणाला, ‘काकाजी, तुम्ही सांगता ते सगळं या बोर्डात भरून ठेवता येते.’ मग आम्ही दोघं बसलो. उजेड एकेक करून जमवले आणि बटणांवर पट्ट्या चिकटवल्या: पहाट, मृग, श्रावण, हस्त, पौष, वैशाख. बाहेरचे लाईटवाले त्या पट्ट्या वाचून हसतात. त्यांच्या बोर्डावर नुसते आकडे असतात.

पौष आणि वैशाखाला त्याचं बोट सरळ पडतं. हस्ताचं बटण दाबायच्या आधी मात्र तो लिहिणाऱ्याला अजून विचारतो, ‘तुमच्या नाटकातल्या वर्षी पाऊस आला होता का?’